नऊ आणि सहा पंधरा

पंधरावं पान पाहिलं आणि काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. सोळावं पान उलटलं आणि ते खुर्ची मागे सारून उभेच राहिले.

“काय झालं काका? शाई फुटलीय का कुठे?” बाईंनी विचारलं.

“शाई नाही हो. आकडा.”

छापखान्याचे मालक काउंटरमागून लगबगीने आले. गिऱ्हाईक असं अचानक उभं राहिलं की त्यांना आधी बिल बुडाल्यासारखं वाटे. त्यांनी दोन्ही पानं पाहिली. त्यांना काहीच कळलं नाही, आणि काही कळलं नाही की ते जे करत तेच त्यांनी केलं. “अहो, त्यात काय एवढं! फाडून टाकू ही दोन. बाई आत्ता दुसरी काढून देतील,” असं म्हणत ते पानं चुरगाळायला गेले, तोच काकांनी त्यांचं मनगट धरलं. एक्क्याऐंशी वर्षांच्या माणसाचा हात, पण जन्मभर घड्याळांचे बारीक स्क्रू पिळलेला. मालक जागच्या जागी थांबले.

“फाडायची नाहीत,” काका शांतपणे म्हणाले. “तीच तर पंचाईत आहे. ही पानं पुस्तकात ठेवता येत नाहीत आणि कचऱ्यात टाकताही येत नाहीत.”

“पण काका, बेरीज बरोबर आहे.” बाईंचा आवाज जरा दुखावल्यासारखा झाला होता. त्यांनी काकांनीच दिलेला कागद पुढे केला. “हे बघा ना. ‘योद’ म्हणजे दहा. ‘हे’ म्हणजे पाच. दहा नि पाच पंधरा.”

“बेरीज चोख आहे. चूक माझी आहे, बाई.” काका पुन्हा खुर्चीवर टेकले. “तुम्हाला सगळी हिब्रू अक्षरं लिहून दिली, प्रत्येकाची किंमत लिहून दिली, आणि नेमकं हेच सांगायचं राहिलं. लहानपणी वडिलांनी इतकं घोकून घेतलं होतं की हे कुणाला सांगावं लागतं, हेच मी विसरलो. ही दोन अक्षरं अशी शेजारीशेजारी आली की ते देवाचं नाव होतं. सोळातलीसुद्धा त्याच नावातली. ते असं जाता-येता पानाच्या तळाशी लिहीत नाहीत. म्हणून पंधरा म्हणजे नऊ आणि सहा. सोळा म्हणजे नऊ आणि सात.”

“तेत आणि वाव,” बाई कागदावर बोट फिरवत पुटपुटल्या. “तेत आणि झायिन.”

“बरोबर.” काकांनी ती दोन पानं घडी न घालता एका जाड पाकिटात सरकवली. “ही मी घरी नेतो. असले कागद ठेवायला माझ्याकडे एक कप्पा आहे.” दाराशी जाऊन ते थांबले. “गुरुवारी माझा मोठा भाऊ येतोय. अकरा वर्षांनी. त्याने पुस्तक हातात घेऊन पहिल्यांदा हेच पान उघडलं असतं. मी ओळखतो त्याला.”

ते गेल्यावर मालक म्हणाले, “बाई, आपण त्याला साधे एक-दोन-तीन आकडे टाकून दिले तर नाही का चालणार?”

“नाही चालणार,” बाई म्हणाल्या आणि संगणकाकडे वळल्या.

बाई या छापखान्यात आल्या त्या टंकलेखिका म्हणून. तेव्हा त्यांना सगळे ‘टाइपबाई’ म्हणत. टाइपरायटर भंगारात गेला, नावातला टाइपही गळला आणि नुसत्या बाई उरल्या. संगणक आला तेव्हा दोघं जुने कामगार नोकरी सोडून गेले. बाईंना सोडून जाणं परवडणारं नव्हतं, म्हणून त्या थांबल्या, आणि थांबल्या म्हणून शिकल्या. चाळिशी उलटल्यावर संध्याकाळच्या वर्गाला जाऊन, मुलीच्या वयाच्या पोरींच्या मधल्या बाकावर बसून त्यांनी प्रोग्रॅम लिहायला सुरुवात केली. छापखान्यात त्यांच्या वाट्याला जे काम आलं ते कुणालाच नको असलेलं: पानांचे आकडे. प्रस्तावनेला रोमन आकडे, मजकुराला साधे, परिशिष्टाला अ-ब-क. पान वाढलं, पान घटलं, तरी आकडे आपोआप जागेवर यावेत असे लहान लहान प्रोग्रॅम त्या लिहीत गेल्या.

पुस्तक छापून आलं की लेखक आपलं नाव बघे, प्रकाशक मुखपृष्ठ बघे, मालक बिल बघत. पानाच्या तळाशी कोण बघतं? आकडा बरोबर असला की तो कुणाला दिसत नाही आणि चुकला की दिवसभर फोन वाजतो. इतक्या वर्षांत पानाचा आकडा बघून खुर्चीवरून उठलेला हा पहिलाच माणूस. बाईंना वाईट वाटलं होतं हे खरं, पण आत कुठेतरी बरंही वाटलं होतं, हेही तितकंच खरं.

काकांचं काम तसं लहानच होतं. त्यांच्या वडिलांचं घड्याळं दुरुस्तीचं दुकान होतं. वडील रोज संध्याकाळी एका वहीत दिवसाची हकिगत लिहीत. कोण आलं, कुठलं घड्याळ आणलं, काय बिघडलं होतं, माणूस काय बोलला. मजकूर सगळ्यांना वाचता येईल असा, पण पानांचे आकडे मात्र त्यांनी लहानपणी शिकलेल्या हिब्रू अक्षरांत घातले होते. वहीत जागोजागी ‘या गिऱ्हाइकाबद्दल पान लामेद-हे पाहा’, म्हणजे पस्तिसावं पान, अशा खुणा होत्या. त्यामुळे वही छापायची तर अक्षरांतच आकडे हवेत, नाहीतर सगळ्या खुणा आंधळ्या. अकरा वर्षांपूर्वी जुनं दुकान रिकामं करताना ती वही एका खणात सापडली, दोघा भावांनी ती एकाच वेळी धरली, आणि काकांनी सोडली नाही. मोठे भाऊ जिना उतरून गेले ते पुन्हा आले नाहीत. “एकच वही होती, म्हणून भांडण झालं,” काका पहिल्या दिवशी म्हणाले होते. “आता पंचवीस करून टाकू.”

प्रोग्रॅम लिहायला बाईंना मजा आली होती. त्यांच्या वडिलांचं किराणा दुकान होतं आणि हे सगळं त्यांना तराजूसारखंच वाटलं. पारड्यात बसेल ते सगळ्यात मोठं वजन आधी टाकायचं, मग उरलेल्याला बसेल ते, मग त्याहून लहान. दोनशे सदतीस म्हणजे दोनशेचं रेश, तिसाचं लामेद, साताचं झायिन. उजवीकडून डावीकडे मांडत गेलं की झालं. शून्य नाहीच, त्यामुळे त्याची कटकट नाही. एकदाच काय ती फजिती झाली. शेवटच्या अक्षराच्या आधी दोन बारीक रेघा द्यायच्या असतात, हा शब्द नसून आकडा आहे हे कळावं म्हणून. बाईंनी अवतरणचिन्ह टाकलं. प्रोग्रॅमच्या भाषेत अवतरणचिन्ह म्हणजे मजकूर संपला. यंत्राने मुकाट्याने पुढचं अक्षर गिळलं आणि तळाशी चुकांची अशी माळ लावली की मालकांना वाटलं, संगणक गेला.

आज मात्र दुरुस्ती सोपी होती. आकडा पंधरा असेल तर नऊ-सहा, सोळा असेल तर नऊ-सात. पाच मिनिटांचं काम. बाईंनी दोन्ही पानं पुन्हा काढली, डोळे भरून पाहिली आणि घरी गेल्या.

संध्याकाळी चादरींच्या घड्या घालताना त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. नवरा बसचालक होता. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, तरी घरात कुठल्याही विषयाची गाडी शेवटी डेपोतच येऊन थांबे.

“अगं, यात नवल काय? आमच्या डेपोत तेरा नंबरची बस नव्हती. बारा, मग बारा-अ, मग एकदम चौदा. बारा-अमध्ये लोक आनंदाने चढायचे. गाडी तीच, रस्ता तोच!”

बाई हसल्या. “आणि एकशे तेरा?”

“एकशे तेरा होती की. लोकांचं भांडण नुसत्या तेराशी. पुढे एकशे लागले की भीती पळाली.”

बाईंच्या हातातली चादर तशीच राहिली. “अहो,” त्या म्हणाल्या, “एकशे पंधरा!”

“एकशे पंधरा पण होती. स्टेशनवरून सुटायची.”

“बस नव्हे हो!” चादरीचं टोक नवऱ्याच्या हातात तसंच सोडून त्यांनी काकांना फोन लावला. “काका, एकशे पंधराव्या पानाचं काय? तिथेही शंभर, मग दहा-पाच येणार. ते चालतं की नाही?”

“मुळीच नाही. शंभर लिहायचे, मग नऊ नि सहा. अहो, देव शंभराच्या मागे जाऊन उभा राहिला म्हणून काय तो देव राहत नाही?”

दुसऱ्या दिवशी बाईंनी पूर्ण आकडा बघणं काढून टाकलं. आधी शेकडे बाजूला काढायचे आणि मग जे उरेल ते पंधरा किंवा सोळा आहे का, ते बघायचं. एकशे पंधरा, एकशे सोळा, दोनशे पंधरा, दोनशे सोळा. चारही पानं सरळ झाली.

सोमवारी सकाळी फोन वाजला. मालक बाहेर गेले होते, म्हणून बाईंनी उचलला.

“छापखाना का? तुमच्याकडे पानांचे आकडे कोण घालतं?” आवाज म्हातारा होता, पण वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा.

या फोनवर हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. “मी घालते,” बाई म्हणाल्या.

“मी त्या घड्याळवाल्याचा मोठा भाऊ. चाळीस वर्षं गणित शिकवलंय. माझा भाऊ अर्धं सांगतो आणि उरलेलं समोरच्याला माहीत आहे असं धरून चालतो. लहानपणापासूनची खोड. म्हणून स्वतः फोन केला. पंधरा?”

“तेत, वाव.”

“सोळा?”

“तेत, झायिन.”

“दोनशे सोळा?”

“रेश, तेत, झायिन.” बाई नकळत ताठ बसल्या होत्या.

“हं.” या ‘हं’मध्ये शाबासकी होती की निराशा, ते कळायला मार्ग नव्हता. “एकूण पानं किती?”

“तीनशे चार.”

“मग दोनशे अठ्ठ्याण्णव कसं लिहिलंत?”

“रेश, त्सादी, हेत.”

“वाचा आता ते.”

“मला वाचता येत नाही हो सर. नुसतं मोजता येतं.”

“खून,” मास्तर म्हणाले. “त्या तीन अक्षरांचा शब्द होतो, खून. वडील असल्या ठिकाणी शेवटची दोन अक्षरं उलटवायचे. माझ्या भावाला दिसलं नसेल, त्याच्या डोळ्यांचं काही खरं नाही. रेश, हेत, त्सादी लिहा.”

“बेरीज तीच राहते.”

“बेरीज तीच. पण आता शब्द होतो, ‘धुतलं’.”

“म्हणजे खून केला आणि हात धुतले!” बाई बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली.

पलीकडून खोकल्यासारखा आवाज आला. तो बराच वेळ चालला. ते हसणं आहे, हे बाईंना उशिरा समजलं.

“आणि तीनशे चार,” मास्तर दम घेत म्हणाले. “शिन आणि दालेत. ते तर भूत! भुतावर वही संपवणारा माणूस नव्हता तो. तेही उलटवा. दालेत, शिन. पत्राच्या शेवटी आपण लिहितो ना, घरी सगळ्यांना नमस्कार सांगा? ते या दोन अक्षरांत मावतं.” मग त्यांनी हळूच विचारलं, “काय लिहिलंय त्या पानावर?”

“गुरुवारी तुम्ही वाचालच की, सर.”

“मी सत्याऐंशी वर्षांचा आहे, बाई. मला गुरुवार लांब वाटतो.”

बाईंनी पान पडद्यावर आणलं आणि वाचलं. “‘आज दोघंही दुकानात होते. मोठ्या घड्याळाला चावी कोणी द्यायची, यावरून भांडले. मी कुणालाच दिली नाही. स्वतः फिरवली. दोघं शेजारी उभे राहून माझ्या हाताकडे बघत होते. एवढ्या वेळात कुणी कुणाशी भांडलं नाही.’ एवढंच आहे.”

“तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो,” मास्तर म्हणाले. “सव्वीस वर्षांचा घोडा, आणि चावीसाठी भांडत होतो.” आणि निरोप न घेताच त्यांनी फोन ठेवला.

बाईंनी नकोशा शब्दांसाठी प्रोग्रॅममध्ये एक वेगळी यादी केली. मग काकांना बोलावून वहीच्या मूळ पानांवर भिंग धरून तीनशे चार आकडे एकेक करून ताडून पाहिले. यादीत आणखी दोन आकड्यांची भर पडली. मंगळवारी दुपारी पानं छपाईला गेली आणि गुरुवारी सकाळी पंचवीस पुस्तकं बांधून आली.

दोघं भाऊ वेगवेगळ्या वाटांनी आले आणि नेमके छापखान्याच्या दारात समोरासमोर उभे राहिले. मास्तर उंच, हातात काठी. काका त्यांच्या खांद्याला लागतील एवढे. कुणीच आधी आत येईना.

“म्हातारा झालास,” मास्तर म्हणाले.

“तुझी वाट बघत थांबायला हवं होतं का?” काका म्हणाले. मग त्यांनीच दार धरून ठेवलं आणि मास्तर आत आले.

मालकांनी पुस्तक दोन्ही हातांनी पुढे केलं. मास्तरांनी मुखपृष्ठ पाहिलं नाही. खुर्चीवर बसून त्यांनी सरळ पंधरावं पान उघडलं. काकांनी बाईंकडे पाहून डोळे मिचकावले. त्यानंतर मास्तर पहिल्या पानाकडे गेले आणि तिथून एकेका पानाच्या तळाशी बोट ठेवत पुढे सरकू लागले. ओठ हलत होते. मालकांनी दोनदा चहा मागवला. काकांनी पहिला घेतला, दुसऱ्याच्या वेळी त्यांना डुलकी लागली होती. बाई आपल्या जागेवर बसून दुसऱ्याच कामात लक्ष घालायचा प्रयत्न करत होत्या, पण मास्तरांचं बोट दोनशेच्या घरात शिरलं तसा त्यांचा हात कळफलकावरून आपोआप मांडीवर आला.

पुस्तक मिटलं तेव्हा तास उलटून गेला होता.

“एकही चूक नाही,” मास्तर म्हणाले. त्यात थोडी नाराजीही असावी. “कुणी केलं हे?”

“आमचं सॉफ्टवेअर आहे ना,” मालक उत्साहाने म्हणाले.

“सॉफ्टवेअर नाही,” काका डुलकीतून जागे होत म्हणाले. “बाईंनी केलं.”

मास्तर काठीवर भार देऊन उठले आणि बाईंच्या टेबलापाशी आले. बाईही उभ्या राहिल्या. “चाळीस वर्षांत मी असे पेपर मोजके पाहिले,” ते म्हणाले. “विचारू नये, पण वय काय तुमचं?”

“अठ्ठावन्न. या महिन्याअखेर निवृत्त होतेय.”

“अठ्ठावन्न!” दोघं भाऊ एकदम एकमेकांकडे वळले, वर्गात एकाच वेळी उत्तर सुचलेल्या मुलांसारखे.

“नून, हेत,” काका म्हणाले.

“पन्नास आणि आठ,” मास्तरांनी सांगितलं. “आणि त्याचा शब्द होतो, विसावलेला.”

“वा!” मालकांनी टाळी वाजवली. “अगदी वेळेवर आलं की हो!”

बाई हसल्या, पण ते हसू ओठांवरच राहिलं. छत्तीस वर्षं या टेबलाशी काढली होती. पुढच्या महिन्यात सकाळी उठून कुठे जायचं, याचा विचार त्यांनी आतापर्यंत लांबणीवर टाकला होता. आता दोन अक्षरांनीसुद्धा सांगितलं, बसा घरी. त्यांनी टेबलावरची पेन्सिल उचलली, परत ठेवली.

“सर,” त्या म्हणाल्या, “उलटवून बघा ना.”

काकांचेच ओठ आधी हलले. “हेत, नून.” त्यांचा चेहरा उजळला. “गोडवा!”

“गोडवा नाही,” मास्तर म्हणाले. “डौल.”

“आई काय म्हणायची? गोडवा म्हणायची.”

“आई लाडाने म्हणायची. अर्थ डौल असा आहे. कोशात बघ.”

“कोश तुझ्याकडे आहे, मी कशात बघू?”

“मग ये की घरी!” मास्तर ओरडले.

काकांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि पुन्हा घातला. “येतो,” ते म्हणाले. “पण गोडवाच आहे.”

बाईंना हसू आवरेना. मालकही हसत होते, का ते त्यांना माहीत नव्हतं. मास्तरांनी बाईंपुढे हात केला आणि बाईंनी तो हातात घेतला. म्हातारा हात, खडूने कोरडा पडलेला असावा असा.

पुस्तकांचं बंडल घ्यायला दोघंही वाकले. दोघांनीही दोरी धरली. शेवटी एक टोक याने, एक टोक त्याने, असे ते दार ढकलून बाहेर पडले.

“बाई, त्या हजेरीपुस्तकाची पानं बघता का?” मालकांनी आतून विचारलं. “एक ते शहाण्णव आहेत.”

“आले,” बाई म्हणाल्या, पण खिडकीपाशीच उभ्या राहिल्या. समोरच्या बसथांब्याच्या बाकावर दोघं भाऊ बसले होते. मधे एक पुस्तक उघडं होतं, अर्धं याच्या गुडघ्यावर, अर्धं त्याच्या. मास्तर मोठ्याने वाचत होते आणि काका पान उलटत होते. बस आली, तिचं दार उघडलं. चालकाने जरा वाट पाहिली, दार मिटलं आणि बस निघून गेली. दोघांपैकी कुणीही मान वर केली नाही.